इन्युलिन म्हणजे इन्शुलिन नव्हे

ओळखीच्या एक आजी परवा घरी आल्या. हातात पिशवी, पिशवीत पांढऱ्या पावडरीचा डबा. आजींना कित्येक वर्षांचा मधुमेह, रोज दोन वेळा इंजेक्शन. म्हणाल्या, "नातवानं मागवून दिलंय. आता इन्शुलिन ताकातून घेता येतं म्हणे. उद्यापासून सुई बंद केली तर चालेल ना?" मी चष्मा लावून डबा पाहिला. त्यावर लिहिलं होतं, इन्युलिन. फरक एका अक्षराचा, पण तेवढ्यानं आजींना दवाखान्यात दाखल व्हावं लागलं असतं. म्हणून आज या एका अक्षराबद्दलच बोलू.

इन्शुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारं संप्रेरक. स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटं असतात, आणि बेटाला लॅटिनमध्ये 'इन्सुला' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. इन्युलिनचं नाव आलं ते 'इन्युला' नावाच्या युरोपातल्या एका वनस्पतीवरून. तिच्या मुळातून १८०४ साली व्हॅलेंटिन रोज या जर्मन शास्त्रज्ञानं ते वेगळं केलं. इन्शुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये. म्हणजे दोघांचं नातं काहीच नाही, नावातलं साम्य हा निव्वळ योगायोग.

मग इन्युलिन आहे तरी काय? फ्रुक्टोज या फळातल्या साखरेचे मणी एकापुढे एक ओवले, की जी माळ होते ती इन्युलिन. कांदा, लसूण, गहू, चिकोरी या वनस्पती आपली शिदोरी या रूपात साठवतात. गंमत अशी, की या मण्यांमधला दुवा तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या शरीरात नाही. त्यामुळे ही माळ जठरातून, लहान आतड्यातून जशीच्या तशी पुढे सरकते आणि मोठ्या आतड्यात पोचते. तिथे मात्र तिची वाट पाहणारे असतात, ते म्हणजे जिवाणू. त्यातले बायफिडोबॅक्टेरिया हे विशेष हौशी. १८९९ मध्ये आंरी तिसिए या फ्रेंच डॉक्टरांना ते प्रथम आढळले, अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये. आईच्या दुधातही, इन्युलिनपेक्षा वेगळ्या, पण बाळाला न पचणाऱ्या साखळ्या भरपूर असतात. लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल त्यांचाच नंबर. पिणारं बाळ, पण त्यातला हा वाटा बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठी!

दही खाल्लं की जिवंत जिवाणू पोटात जातात. इन्युलिन नवे जिवाणू आणत नाही, तिथे राहणाऱ्यांना खाऊ घालतं. अशा अन्नाला 'प्रीबायोटिक' हे नाव १९९५ मध्ये गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी दिलं. जिवाणू इन्युलिन आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. एकाच्या उष्ट्यावर दुसरा जगतो, आणि शेवटी ब्युटिरेट नावाचं आम्ल मिळतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं तेच मुख्य इंधन.

आता फायदे. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो पोट साफ होण्याचा. चिकोरीचं इन्युलिन रोज १२ ग्रॅम घेतल्यास शौचाला नियमितपणा येतो, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये मान्य केलं. वाढत्या वयातल्या मुलांमध्ये कॅल्शियम जास्त शोषलं जातं, असंही प्रयोगांत दिसलं आहे. मधुमेहात? साखरेच्या जागी इन्युलिन वापरलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, इतकंच. ते औषधाची जागा घेत नाही.

डबाच हवा असंही नाही. १०० ग्रॅम कांद्यात साधारण २ ते ६ ग्रॅम अशा साखळ्या असतात. लसणात त्याहून पुष्कळ, पण लसूण कोणी वाटीभर खात नाही. भाकरीबरोबर बुक्की मारून फोडलेला कांदा हा या हिशेबात उत्तमच. चाळीत महिनोन्‌महिने राहिलेल्या किंवा कोंब आलेल्या कांद्यात मात्र ते कमी होतं, कारण कांदा स्वतःच आपली शिदोरी सोडून खाऊ लागतो. चिकोरी घातलेल्या कॉफीवरही फार भिस्त नको, मुळं भाजताना त्यातलं बरंचसं इन्युलिन मोडतं. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांना गहू आहे, थोडंसं केळ्यातही आहे. शिवाय डाळी, उसळी. त्यांच्यातल्या साखळ्या वेगळ्या, पण जिवाणूंना त्याही आवडतात.

आणि आंबवणं म्हटलं की वायू आलाच. सवय नसताना एकदम जास्त घेतलं तर पोट फुगतं, गुडगुडतं, कळाही येतात. पाव चमच्यापासून सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावं. ज्यांचं आतडं मुळात हळवं आहे, वरचेवर पोट बिघडतं, त्यांना कांदाच सोसत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आजींनी इंजेक्शन चालू ठेवलं. पावडरही ठेवली, म्हणाल्या, पैसे गेलेत ना. आठ दिवसांनी फोन आला, "पोट छान साफ होतंय हो, पण भजनाला बसायची चोरी झालीय." किती घेता म्हणून विचारलं, तर दोन चमचे भरून. आता पाव चमच्यावर आल्या आहेत.