कॅराबिनर किती टनांचा, हा प्रश्न अपुरा आहे

जीवधनाला लागून उभी असलेली वानरलिंगी, म्हणजेच खडा पारशी, साधारण साडेतीनशे फूट उंच. पाऊस सरला की जुन्नरच्या या सुळक्यावर दोर चढू लागतात आणि खरेदीच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: ‘वीस किलोन्यूटनचा आहे ना, मग झालं!’

झालं नाही. 20 किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने दोन टन, पण ही ताकद गेट बंद असताना आणि ताण लांबीच्या दिशेने आल्यावरचीच. बिलेसाठी, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळण्यासाठी, वापरतात तो नासपतीच्या आकाराचा एचएमएस कॅराबिनर आडवा पडला, तर युरोपीय मानकाला त्याच्याकडून अपेक्षा फक्त 7 ची. गेट उघडं राहिलं तर 6 ची. आता दुसरी बाजू पाहा. सिंगल डायनॅमिक दोराने मानक चाचणीतल्या पहिल्या पतनात 12 पर्यंत झटका दिला तरी तो पास होतो. प्रत्यक्ष पतनं बहुधा यापेक्षा बरीच सौम्य असतात, हे खरं. तरीही 20, 12 आणि 6 हे आकडे शेजारी मांडले की कुलूप कशासाठी ते समजतं. बिले देताना कॅराबिनर हार्नेसच्या लूपमध्ये फिरून आडवा होतो, म्हणून आतून छोटी तार किंवा दांडी असलेला एचएमएस घ्यावा. चार पैसे जास्त जातात; जाऊ द्यावेत.

‘ऑटोलॉक म्हणजे निश्चिंती’ हेही अर्धसत्य. साध्या ट्विस्टलॉकच्या स्लीव्हवर, म्हणजे गेटवरच्या फिरत्या नळीवर, मुंटर हिच गाठीचा दोर घासला, तर गेट उघडू शकतं. शिवाय सह्याद्रीतली माती स्लीव्हमध्ये बसली की तो अर्ध्यातच अडकतो आणि आपण बंद झाला समजून मोकळे होतो. धुळीत माझी पसंती स्क्रूगेटलाच. मात्र फिरवून झाल्यावर गेट दाबून पाहायचं, दर वेळी. अँकरला तो असा लावावा की हादऱ्यांनी स्लीव्ह खाली, बंद होण्याच्या दिशेनेच सरकेल.

स्टील की अ‍ॅल्युमिनियम? टॉप रोपच्या कायमच्या अँकरला स्टील, अंगावर वागवायला अ‍ॅल्युमिनियम. यात वाद घालण्यासारखं फार नाही.

‘एकदा खाली पडला की आत अदृश्य भेगा पडतात’ ही भीती मात्र फुगवलेली आहे. कमरेच्या उंचीवरून पडलेला, गेट नीट चालणारा कॅराबिनर लगेच टाकून द्यायची गरज नसते. कड्यावरून थेट दरीत गेलेला सापडला तरी पुन्हा वापरू नये, कारण तो कशाकशावर आपटला ते आपण पाहिलेलं नसतं. खरा शत्रू झीज. मातकट दोर अ‍ॅल्युमिनियमला खाच पाडतो, खाचेची कड धारदार होते आणि तीच दोर कापू शकते. बोट फिरवून पाहा. कड टोचली तर तो बाद.

आणि आहुप्याच्या कड्यावर पाण्याची बाटली अडकवायला नेलेला रंगीत हुक? त्यावर ताकदीचे आकडे आणि मानकाची खूण नसेल, तर त्याचं काम बाटलीपुरतंच.