फासे दिसले म्हणजे जुगार नव्हे

परभणीसारख्या गावात चार-पाच पोरं दार लोटून खोलीत बसली आहेत, मधे कागद पसरलेत आणि कुणीतरी फासे टाकतंय, असं दृश्य दिसलं की घरातल्या मोठ्यांच्या मनात आधी जुगारच येतो. त्यांना तरी काय म्हणणार? 'जुगार अड्ड्यावर छापा' ही जिल्ह्याच्या पानावरची नेहमीची बातमी. पण ही पोरं खेळत असतात तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या जातीचा रोल-प्लेइंग गेम, नाहीतर इवलेसे सैनिक मांडून लढायचा मिनिएचर वॉरगेम. या दोन्ही खेळांबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत, आणि ते सगळेच काही न खेळणाऱ्यांचे नाहीत.

आधी जुगाराचं बघू. महाराष्ट्रात याबाबत लागू असलेला कायदा मुळात १८८७ सालचा, आणि त्याचा रोख पैज लावण्यावर आहे. निव्वळ कौशल्याचे खेळ तर त्याच्या १३व्या कलमानं बाहेरच ठेवले आहेत. रोल-प्लेइंगमध्ये पैज लावायची म्हटलं तरी लावणार कशावर? तिथं कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि सगळे मिळून गोष्ट पुढं नेतात. गोष्ट कुठं अडली, तरच फासा टाकायचा.

म्हणजे कसं? समजा, गोष्ट गंगाखेडच्या घाटावर चालू आहे. रात्रीची वेळ, गोदावरीला पूर. एका खेळाडूनं बहुरूप्याचं पात्र घेतलंय आणि त्याला गुपचूप पलीकडं निरोप पोचवायचाय. सूत्रधार नावाडी होऊन विचारतो, "इतक्या रातीला पलीकडं कामून जायलास? पूर दिसंना का?" खेळाडू म्हणतो, "मामा, बहीण बाळंत झालीय तिकडं. जीव थाऱ्यावर नाही." थाप बरी आहे, पण नावाड्याला पटेल का? सूत्रधार ठरवतो, तेरा हवेत. वीस बाजूंचा फासा टाकायचा. सोंगं काढणं हाच बहुरूप्याचा धंदा, म्हणून त्याला वर चार मिळणार. फाशावर नऊ किंवा त्याहून जास्त पडलं की थाप पचली. वीसपैकी बारा बाजू त्याच्या सोयीच्या, म्हणजे शंभरात साठ. पडले सात. सात आणि चार, अकरा. तरीही नावाडी नाही म्हणत नाही. नावेत घेतो, आणि मधल्या धारेत वल्हं थांबवून म्हणतो, "आता खरं सांग." इथून पुढं काय होणार ते सूत्रधारालाही ठाऊक नसतं. या खेळातली सगळी मजा तिथंच आहे.

"इंग्रजी आल्याशिवाय हे जमत नाही" ही शंका वरचा संवाद वाचल्यावर उरू नये. नियमांचं पुस्तक इंग्रजीत असतं खरं, पण ते एकानं वाचलं तरी भागतं. खेळ चालतो तो बोलण्यावर, आणि परभणीत ते बोलणं मराठी, उर्दू नि दखनीची सरमिसळ होऊन आलं तर पात्रं जास्तच जिवंत होतात.

दुसरा गैरसमज, हे पोरखेळ आहेत. बाहुल्यांच्या लढाईचा इतिहास बघितला तर उलटंच दिसतं. १७८०मध्ये हेल्विग नावाच्या जर्मन गणितज्ञानं बुद्धिबळ फुगवून युद्धाचा खेळ केला. त्याच्या पटावर १,६१७ घरं होती, आणि घरांचे रंग कुठं सपाटी, कुठं पाणी, कुठं डोंगर ते सांगत. पुढं राइसविट्झ बापलेकांनी घरं काढून टाकली आणि खरा नकाशा आणला. मुलानं १८२४मध्ये पक्के केलेले नियम प्रशियाच्या सैन्यानं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतले. निळ्या-तांबड्या पट्ट्या म्हणजे पलटणी, नुकसान ठरवायला फासे, आणि न्याय द्यायला पंच. १९१३मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' लिहून हाच प्रकार घरातल्या जमिनीवर, खेळण्यातल्या तोफांनिशी आणला. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन अशाच लढाया खेळत होते. अख्ख्या पलटणीऐवजी एका खेळाडूला एकच माणूस दिला तर, या प्रयोगातून १९७४मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. पहिली आवृत्ती होती फक्त हजार प्रतींची.

इथं एक उलटा गैरसमजही निस्तरला पाहिजे, कारण तो आपल्याच बाजूचा आहे. बुद्धिबळ भारतातून बाहेर गेलं आणि त्याच्या पोटी हेल्विगचा पट आला, इथपर्यंत ठीक. पण म्हणून "हे सगळं मुळात आपलंच" असं म्हणता येत नाही. मोक्षपटाचंच बघा. सापशिडीचा हा पूर्वज ज्ञानेश्वरांनी तयार केला असं बिनदिक्कत सांगितलं जातं. पण त्यांच्या काळातला पट कुणी दाखवलेला नाही, आणि संग्रहालयांत आहेत ते त्यानंतर कित्येक शतकांनी रंगवलेले. शिवाय मोक्षपटात सगळं दान ठरवतं, खेळणाऱ्याला निवड नाही. रोल-प्लेइंगशी त्याचं नातं जोडायचं तर ओढूनताणूनच जोडावं लागेल. त्यापेक्षा वाघ-शेळी जवळची. दोन बाजूंची ताकद वेगळी, चाली वेगळ्या, हेतूही वेगळे. वॉरगेमचं मर्म त्या पटात आहे.

पोरं बिघडतात, डोक्यावर परिणाम होतो, ही भीती अमेरिकेत जन्मली. १९७९मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला १६ वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत तो हा खेळ खेळायला गेला आणि हरवला, असा तर्क शोध घेणाऱ्या खासगी गुप्तहेरानं मांडला. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. मुलगा पुढं दूर लुइझियानात सापडला. त्याच्या दुःखाची कारणं वेगळी होती, आणि ते त्या गुप्तहेरानंच १९८४च्या पुस्तकात लिहिलं. पण तोवर खेळाविरुद्ध संघटना उभ्या राहिल्या होत्या. खेळामुळं मुलं जिवाचं बरंवाईट करतात हे काही सिद्ध झालं नाही. आपल्याकडं पबजीचा धसका घेतलेले पालक या खेळालाही त्याच माळेत ओवतात. इथं स्क्रीन नाही, मधेच पैसे मागणारं बटण नाही, समोर माणसं आहेत. वेळ मात्र खातो. एक बैठक तीन-चार तास सहज चालते, आणि परीक्षा तोंडावर असताना आई ओरडली तर ती चुकीची नाही.

"हा पैसेवाल्यांचा नाद" यात निम्मं तथ्य आहे. 'वॉरहॅमर'सारख्या मिनिएचर वॉरगेमची रंगवलेली फौज उभी करायची तर खिसा रिकामा होतो. रोल-प्लेइंगचं तसं नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३पासून खुल्या परवान्याखाली फुकट आहे. वीस बाजूंचा फासा नसला तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या पेल्यात टाका. काढलेली चिठ्ठी परत टाकायची तेवढी विसरू नका. लढाईसाठी मातीचे मावळे पुण्याकडं दिवाळीत किल्ल्यासाठी भरपूर मिळतात, आपल्याकडं कमी. पण पोळ्याला मातीचे बैल तर मिळतात! फौजेमागं धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे दाखवायला त्यांच्याइतकं योग्य काही नाही. मोठ्या बैलापुढं तोफ खेळण्यातली वाटेल, पण ती तर खेळण्यातलीच असते.

शेवटचा गैरसमज मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो खुद्द खेळाडूंचा आहे: वॉरगेम म्हणजे फासे बरे पडले की जिंकलो. शेजारच्या जालना जिल्ह्यातली असईची लढाई मांडून बघा. २३ सप्टेंबर १८०३ची ही लढाई परदेशातले वॉरगेमर मोठ्या आवडीनं खेळतात. शिंद्यांची फौज जुनाट होती म्हणून हरली, असं बरेचजण धरून चालतात. प्रत्यक्षात शिंद्यांच्या पोलमन या सेनानीच्या हाताखाली कवायती पायदळ होतं आणि शंभराच्या आसपास चांगल्या तोफा होत्या. केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात त्यांची जागाही भक्कम होती. इंग्रज सेनापती वेल्स्लीकडं माणसं दहा हजारांच्या आतली. वाटाड्यांनी सांगितलं, इथं उतार नाही. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं त्याला दिसली. मधे उतार नसता तर अशी गावं वसली असती का, असा अंदाज बांधून त्यानं फौज तिथूनच पलीकडं नेली. पोलमननं अख्खी रांग काटकोनात वळवली. जुनाट फौजेला हे जमत नसतं. इंग्रजांची १,५०० हून जास्त माणसं मेली वा जखमी झाली. मराठ्यांचे हजारो घोडेस्वार मात्र बहुतेक वेळ बाजूलाच उभे होते. टेबलावर त्यांना पुढं काढा, मग कळतं पराभवातला फाशाचा वाटा किती होता नि हुकमाचा किती.

परभणीकरांनी सुरुवात करायची तर मी राक्षसभुवन सुचवेन. नदी आपलीच, गोदावरी. जागा थोडी वरच्या अंगाला, बीड जिल्ह्यात. १० ऑगस्ट १७६३, नदीला पूर, आणि निजामाची फौज दोन काठांवर विभागलेली: निजाम अली पलीकडं पोचलेला, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडं अडकलेला. राघोबादादा आणि १८ वर्षांचे पेशवे माधवराव त्याच्यावर तुटून पडले. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला पलीकडून काही करता आलं नाही.

ही लढाई खेळताना सगळ्यांना सगळा नकाशा दाखवू नका. प्रशियाच्या खेळात पंच प्रत्येक बाजूला तिला दिसेल तेवढंच सांगायचा. तसं, निजाम झालेल्या गड्याला दुसऱ्या खोलीत बसवा. अलीकडच्या काठाचे निरोप त्याला चिठ्ठीवर, दोन पाळ्या उशिरानं द्या. त्यानं कुमक पाठवायची म्हटली तर पुराच्या पाण्यासाठी प्रत्येक पलटणीमागं फासा टाकायला लावा. तो चिडेल, उठून टेबलाकडं यायला बघेल. येऊ देऊ नका.