हे दफ्तर पुढे कोण वाचणार?

चाकूरसारख्या मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी जमिनीचा एखादा जुना तंटा उपस्थित झाला, म्हणजे पक्षकारास कित्येकदा वकिलाच्याही आधी कागद वाचणारा शोधावा लागतो. कारण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, 1884 च्या सुमारास त्या राज्याच्या कारभारात फारशीच्या जागी उर्दू आली होती, आणि गावगाड्यातील कागद पुष्कळदा मोडी लिपीत लिहिले जात. लिहिणाऱ्या कारकुनाची यात कसूर नव्हती. वरिष्ठांचे हुकूम ज्या भाषेत येत आणि सोबती ज्या लिपीत हिशेब ठेवीत, तिच्यातच त्याने इमानाने नोंद केली. पुढे राज्य पालटले, शाळांतून मोडी गेली, आणि कागद शाबूत असूनही मुका झाला. 2023 मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची निकड साऱ्या महाराष्ट्राच्या प्रत्ययास आली.

संगणकाच्या आज्ञावलीचे प्राक्तन याहून फारसे निराळे नाही. यंत्रास अखेर शून्य आणि एक एवढेच उमगते. मधली प्रोग्रामिंगची भाषा माणसांनी माणसांसाठी योजलेली असते, आणि एकदा लिहिलेला कोड दुरुस्तीच्या निमित्ताने पुढे अनेकांना अनेकदा वाचावा लागतो. व्यापारी हिशेबांसाठी 1959 मध्ये सिद्ध झालेली कोबोल ही भाषा तिच्या काळी उत्तम निवड होती. तथापि एप्रिल 2020 मध्ये, महासाथीमुळे बेकारभत्त्याचे अर्ज अतोनात वाढले असता, अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. चाकूरचा पक्षकार आणि न्यू जर्सीचे सरकार यांची अडचण तत्त्वतः एकच होती.

जुनी आज्ञावली दुसऱ्या भाषेत उतरवणे हा अशा अडचणीवरील एक उपाय, आणि भाषांतराचा हा व्यवसाय महाराष्ट्रास अपरिचित नाही. 1974 मध्ये मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने अमेरिकेतील बरोज कंपनीसाठी रुग्णालयाच्या हिशेबाची एक आज्ञावली त्या कंपनीच्या एका यंत्राच्या कोबोलमधून दुसऱ्या यंत्राच्या कोबोलमध्ये उतरवून दिली, आणि तीही आयसीएल 1903 या तिसऱ्याच यंत्रावर काम करून! भाषेचे नाव एक असले तरी यंत्रागणिक बोली बदलत असे, आणि त्या बोली जाणणाऱ्यांस मोल होते.

याहून बोधप्रद उदाहरण पुण्याचे आहे. 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक सिद्ध केला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक प्रोसेसर एकत्र राबत, आणि त्या ट्रान्सप्यूटरसाठी त्यांच्या निर्मात्यांनी ऑकम नावाची, समांतर गणनेस अत्यंत अनुरूप अशी भाषा घडवली होती. केवळ यंत्राचा विचार केला असता तर तीच रास्त ठरली असती. परंतु महासंगणक वापरणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गणितांचा फार मोठा साठा 1957 पासून चालत आलेल्या फॉरट्रानमध्ये होता, आणि म्हणून परमच्या ‘पारस’ या प्रणालीत फॉरट्रान व सी या परिचित भाषांची सोय करण्यात आली. यंत्र नवे असले तरी ते वापरणाऱ्यांची विद्या जुनी होती, आणि तिचा मान राखला गेला.

भाषांच्या गुणदोषांत तथ्य नाही, असे मात्र नव्हे. पायथनमध्ये थोडक्या ओळींत काम होते, पण यंत्राचा वेळ अधिक खर्ची पडतो. सी भाषा वेगवान खरी, पण स्मृतीचा सर्व हिशेब लिहिणाऱ्यावर सोपवते आणि तेथील चुका सुरक्षेस घातक ठरतात. रस्ट त्यांतील पुष्कळ चुका आज्ञावली चालण्यापूर्वीच अडवते, पण शिकण्यास चिकाटी मागते. तरीही आज्ञावली लिहिणाऱ्या चमूचा खरा व्यय एकमेकांचे काम समजून घेण्यात होतो. दहा माणसांच्या चमूत परस्परसंवादाच्या जोड्या 45 होतात, वीस माणसांत 190. म्हणूनच संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 मध्ये बजावले, की रखडलेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते अधिकच रखडते. त्यात प्रत्येक विभागाने आपल्या हौसेची निराळी भाषा आणि निराळे फ्रेमवर्क आणले, तर प्रत्येक जोडीस एक दुभाषा लागेल.

पुण्याच्या वा हैदराबादच्या कंपन्यांत नोकरीस जाणाऱ्या चाकूर-लातूरच्या तरुणांच्या हाती उद्या भाषा निवडण्याचा निर्णय येईल. त्यांनी नव्या भाषेची चाचणी एखाद्या छोट्या, मोडले तरी चालेल अशा कामावर अवश्य घ्यावी. परंतु वर्षानुवर्षे चालणारे काम तिच्यावर सोपवण्यापूर्वी चमूतील सर्वांत नवख्या सहकाऱ्यास दुसऱ्याने लिहिलेला कोड द्यावा आणि त्यातील एक चूक दुरुस्त करावयास सांगावी. ती दुरुस्ती त्यास कोणास न विचारता करता आली, तर भाषा खुशाल कायम करावी.