विमानाच्या पंखाखाली मुक्काम

सुटीत महाबळेश्वरला निघालेली कुटुंबे वाटेत पाचगणीला थांबतातच. पसरणीचा घाट चढून टेबललँडवर पोहोचले की मुले घोड्यांभोवती गर्दी करतात आणि मोठी माणसे भाजलेले कणीस हातात घेऊन वाऱ्याला उभी राहतात. पावसाळा सरल्यानंतर हवा चांगली असेल, तर दरीवर रंगीबेरंगी पंख तरंगताना दिसतात. ते पॅराग्लायडर. पंख, दोर, बसायचा पट्टा असे सगळे सामान वीसेक किलोचे. पायलट ते पाठीवरच्या पिशवीत भरतो, जीपने खिंगर किंवा हॅरिसन फॉलीच्या बाजूला जातो आणि वाऱ्याची वाट पाहत बसतो. वारा मनासारखा आला की पंख उघडतो, चार पावले धावतो आणि जमीन सोडतो.

ते पाहून मुले हमखास विचारतात, “अब्बा, आपल्याला स्वतःचे विमान घेऊन इथे येता येईल का? गाडी लावतो तसे विमान लावायचे आणि शेजारी तंबू ठोकायचा!” मोठी माणसे हसतात आणि विषय तिथेच संपतो. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. जगात असे एक ठिकाण आहे, जिथे दरवर्षी हजारो माणसे नेमके हेच करतात.

जत्रा विमानांची

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचे एक लहान शहर आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथे छोट्या विमानांचा मेळावा भरतो. अशा मेळाव्याला ‘फ्लाय-इन’ म्हणतात, म्हणजे ज्याला यायचे त्याने उडत यायचे. पूर्वी आपल्याकडची माणसे बैलगाडी जुंपून जत्रेला, उरुसाला जात. गाडी सोडायची, बैल बांधायचे, तीन दगडांची चूल मांडायची आणि रात्री गाडीखालीच पथारी टाकायची. ऑशकॉशची रीत तीच आहे, बैलगाडीच्या जागी विमान एवढाच फरक.

हा मेळावा सुरू केला तो स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्या हौशी लोकांनी. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी शहरात अशा मंडळींची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. त्याच वर्षी पहिला मेळावा झाला, तेव्हा जेमतेम विसेक विमाने आली होती. पुढे जागा अपुरी पडू लागली. १९५९ मध्ये मेळावा रॉकफर्डला गेला आणि १९७० पासून तो ऑशकॉशला भरतो. आता त्या आठवड्यात तिथे आणि आसपासच्या विमानतळांवर मिळून दहा हजारांच्या आसपास विमाने उतरतात. पाहायला येणाऱ्यांची संख्या सहा लाखांच्या पुढे जाते. एरवी शांत असणारा तिथला विमानतळ त्या आठवड्यापुरता जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक होतो.

एवढी विमाने उतरवायची कशी? युक्ती अगदी साधी आहे. येणारी विमाने रिपन गावापासून फिस्क या खेड्यापर्यंत जमिनीवरच्या रेल्वेरुळांच्या वरून एकामागे एक उडतात. उंची साधारण अठराशे फूट, वेग ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास आणि दोन विमानांत अर्ध्या मैलाचे अंतर. फिस्कजवळ नियंत्रक जमिनीवर बसलेले असतात. ते दुर्बिणीतून पाहतात आणि विमानाला त्याच्या रंगावरून हाक मारतात. “पांढरे, वर पंख असलेले विमान, पंख हलवा!” पायलटने रेडिओवर काही बोलायचे नसते. त्याने फक्त विमान डावीकडे-उजवीकडे डोलवायचे. ऐकले आणि समजले, असा त्याचा अर्थ. धावपट्टीवर रंगीत ठिपके रंगवलेले असतात. एकाला या ठिपक्यावर, मागच्याला त्या ठिपक्यावर उतरायला सांगतात. त्यामुळे एकाच धावपट्टीवर एकापाठोपाठ एक विमाने उतरत राहतात.

उतरल्यावर पायलट खिडकीत एक मोठ्या अक्षरांचा कागद धरतो. त्याला मुक्काम करायचा आहे, की फक्त विमान लावायचे आहे, ते त्यावरून कळते. स्वयंसेवक हाताने खुणा करत त्याला गवताच्या मैदानात त्याच्या रांगेपर्यंत नेतात. हे काम पगारी नोकरांचे नाही. मेळाव्यात हजारो स्वयंसेवक राबतात आणि त्यांतले कित्येक जण स्वतःची सुटी खर्च करून येतात.

आधी दोर, मग चहा

विमान थांबले की पहिले काम तंबूचे नसते, विमान बांधण्याचे असते. सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने तयार झालेले विमान. चार माणसांचे हे विमान रिकामे असताना साधारण साडेसातशे किलोचे भरते, म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढे. पण त्याच्या पंखांचा विस्तार अकरा मीटर. पंख हे वाऱ्यावर उचलले जाण्यासाठीच बनवलेले असतात. रात्री वादळ आले, तर पंखाला काय ठाऊक की पायलट तंबूत झोपला आहे! म्हणून जमिनीत खुंट्या पक्क्या ठोकून दोन्ही पंख आणि शेपूट दोरांनी बांधतात. वाऱ्याने सुकाणू आपटू नये, म्हणून आतले दांडे अडकवून ठेवतात. दोर आणि खुंट्या ज्याने त्याने बरोबर आणायच्या.

मग तंबू. पंख वरच्या बाजूला असलेले विमान यासाठी सोयीचे. दुपारी पंखाची सावली मिळते आणि पावसाची सर आली तर सामान झाकले जाते. मात्र अशा बऱ्याच विमानांत पेट्रोलच्या टाक्या पंखातच असतात. म्हणून विमानाजवळ शेकोटी किंवा उघडा जाळ अजिबात चालत नाही. सामानही मोजूनमापून आणावे लागते, कारण माणसे, इंधन आणि पिशव्या यांचे एकूण वजन ठरलेल्या मर्यादेत बसले तरच विमान सुरक्षित उडते. आपल्याकडे सहलीला निघताना डिकीत आणखी एक पातेले कोंबतो, तसे तिथे करता येत नाही. मुस्लिम कुटुंबासाठी चटई आणि वुजूच्या पाण्याची बाटली एवढी भर. किब्ल्याची दिशा काढायला विमानातले होकायंत्र असतेच. त्या दिवसांत तिथे सूर्य रात्री आठनंतर मावळतो, म्हणजे मगरिबही तेव्हाच.

संध्याकाळी रांगेत फेरफटका मारला तर दिसते, की शेजारी कुणाचा दोर आखूड पडला आहे, कुणाच्या चाकातली हवा गेली आहे, कुणाला वायसर मिळत नाही. ज्याच्याकडे आहे तो देतो. करोडपती आणि निवृत्त शिक्षक एकाच गवतावर झोपतात आणि आंघोळीच्या रांगेत एकामागे एक उभे राहतात.

आगा खान यांचे बक्षीस

ही देवाणघेवाण आपल्या इतिहासातही आहे. १९३० सालच्या स्पर्धेसाठी आगा खान यांनी पाचशे पौंडांचे बक्षीस ठेवले होते. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ते मिळायचे होते. कराचीहून जे. आर. डी. टाटा निघाले आणि इंग्लंडहून सतरा वर्षांचा ॲस्पी इंजिनिअर. दोघांची विमाने लहान, एका इंजिनाची. इजिप्तमध्ये अबूकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. ॲस्पीला स्पार्क प्लगची अडचण होती. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. ॲस्पीने शर्यत जिंकली आणि टाटा थोडक्यात हरले. पुढे १९६० मध्ये हाच ॲस्पी भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९३६ मध्ये, लाहोरला एका मुस्लिम स्त्रीने पायलटचा परवाना मिळवला. त्या होत्या उर्दू कथालेखिका हिजाब इम्तियाज अली. उर्दू साहित्य शिकवताना त्यांच्या कथांबरोबर मी ही गोष्टही सांगते, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा मान वर करतात.

साताऱ्याचे विमान, कांदिवलीची गच्ची

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. कॅप्टन अमोल यादव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. पेशाने वैमानिक. आपल्या देशात आपल्या हाताने विमान बांधायचे, हा त्यांचा ध्यास. त्यांचे आधीचे प्रयत्न तडीस गेले नाहीत. मग मुंबईत कांदिवलीला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधायला घेतले. ॲल्युमिनियमचे पत्रे, अवजारे, सगळे वर न्यायचे. काम वर्षानुवर्षे चालले. घरच्यांनी पैशासाठी दागिने आणि घरही पणाला लावले. विमान तयार झाल्यावर सुटे भाग करून ते गच्चीवरून खाली आणले गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिले.

पण विमान बांधणे आणि विमान उडवणे यांत मोठे अंतर आहे. नोंदणी झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये आणि चाचणी झाली २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवर. सुरक्षेसाठी तपासणी हवीच. वरून पडणारी वस्तू खाली कुणाच्या तरी घरावर पडते, हे विसरता येत नाही. तरीही हे सगळे वाचताना एक विचार मनातून जात नाही. ऑशकॉशला आपले विमान घेऊन आलेल्या माणसाला शेजारच्या तंबूत विचारायला दहा जण सापडतात. कुणी खिळे कसे मारायचे ते सांगतो, कुणी कोणता अर्ज कुठे करायचा ते सांगतो. यादवांना मात्र शेजार नव्हता. त्यांच्या पाठीशी होते ते घर आणि घराच्या डोक्यावरची गच्ची.

म्हणजे कमी पडते ते आकाश नव्हे. कमी पडते ती उतरायला, थांबायला आणि दुसऱ्याला विचारायला जमीन. आपल्याच भागात पाहा. कराडची धावपट्टी १९५५ साली कोयना धरणाच्या कामासाठी बांधली गेली. सांगलीजवळ कवलापूरची जुनी धावपट्टी वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिली. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर पॅराग्लायडरवाले जमतात, कारण तिथे पंख पसरायला मोकळी जागा आहे आणि वारा वाचायला शिकवणारे जाणते लोक आहेत. जागा आणि जाणकार एकत्र आले की छंद वाढतो. त्यांतले एक जरी नसेल, तर हुशार मूलही एकटे पडते.

आपल्या घरातून सुरुवात

हैदराबादच्या जुन्या शहरातल्या सय्यदा सल्वा फातिमा यांचे वडील बेकरीत काम करत. मुलीने पायलट व्हायचे म्हटले, तेव्हा ‘सियासत’ या उर्दू दैनिकाचे संपादक जाहिद अली खान यांनी हात दिला. तिने आंध्र प्रदेशच्या एव्हिएशन अकादमीत शिकून व्यावसायिक परवाना मिळवला. मुलीची जिद्द होती हे खरे, पण तिचे म्हणणे कुणीतरी हसण्यावारी नेले नाही, हेही तितकेच खरे.

पालक विचारतात म्हणून थोडी माहिती देते. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो. खासगी परवान्यासाठी वय सतरा आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. व्यावसायिक परवान्यासाठी वय अठरा आणि २०० तास. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्यावे. खर्च लाखोंच्या घरात जातो, म्हणून पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. चष्मा असला तरी सहसा अडत नाही, पण रंग ओळखता न येणे हा मोठा अडथळा ठरतो. ही तपासणी शाळेच्या वयातच डोळ्यांच्या डॉक्टरकडे करता येते. सगळ्यांनी पायलटच व्हावे असे नाही. विमान देखभाल अभियंता हाही सन्मानाचा पेशा आहे आणि ज्या मुलांचा हात पाना-पक्कडवर बसतो, त्यांच्यासाठी तो अधिक योग्य. जवळच्या शाळा-महाविद्यालयात एनसीसीची हवाई शाखा असेल तर जरूर नाव घालावे. तिथे विमानाच्या लहान प्रतिकृती बनवायला शिकवतात.

आणि यातले काहीच जमत नसेल, तर थर्माकोल, गोंद, रबर आणि एक कात्री तरी घरात येऊ द्या. पहिले विमान आपटेल. दुसऱ्याच्या नाकाला मातीचा गोळा लावायला सांगा. वजन पुढे सरकले की ते सरळ जाते, हे मूल स्वतः शोधून काढेल आणि मग धडा पाठ करावा लागणार नाही. शेजारच्या मुलांनाही बोलवा. एकाच्या विमानाचा पंख तुटला की दुसरा आपला गोंद पुढे करतो, तिथेच मेळावा सुरू होतो. त्यासाठी मूल गच्चीची किल्ली मागायला आले, तर कठडा पुरेसा उंच आहे का ते आधी पाहून घ्या आणि किल्ली घेऊन त्याच्यासोबत वर जा.