हायब्रिड वाहनाचे निदान : संकेतांक म्हणजे रोग नव्हे

तापमापकात १०२ अंश दिसले म्हणून कोणताही वैद्य कागदावर ‘ताप’ एवढेच निदान लिहून थांबत नाही. ताप हिवतापाचा आहे, विषमज्वराचा आहे, की कोठे दडलेल्या गळवाचा आहे, याचा शोध घेतल्यावाचून औषधयोजना करणे हा आपल्या व्यवसायात प्रमाद मानला जातो. मात्र हाच वैद्य आपली मोटार घेऊन कार्यशाळेत जातो, तेथे स्कॅनरच्या पडद्यावर एक संकेतांक उमटतो, ‘डॉक्टरसाहेब, बॅटरी गेली’ असा निकाल दिला जातो, आणि लाखालाखाच्या घरातील खर्चास तो निमूटपणे मान्यता देतो. या लेखाचा हेतू एवढाच की, जी निदानशिस्त आपण रुग्णशय्येपाशी पाळतो, तीच शिस्त उच्चदाबाच्या विजेवर चालणाऱ्या हायब्रिड वाहनासही लागू आहे, हे वाचकांच्या लक्षात यावे. येथे प्रश्न केवळ पैशाचा नाही. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या जिवाचाही आहे.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि त्यातून पुढे एक मोठे उद्योगविश्व उभे राहिले. त्याच घराण्याच्या भागीदारीतून १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. तिच्या बिडदी येथील कारखान्यात २०१३ पासून कॅमरी हायब्रिडची जुळणी होऊ लागली, तर २०२२ मध्ये हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस ही हायब्रिड वाहने तेथून बाहेर पडली. निपाणीच्या बाजारपेठेत तंबाखू आणि भाजीपाला वाहणारे पिकअप अजून बहुतांशी डिझेलवरच धावतात. पण अमेरिकेत फोर्ड एफ-१५० पॉवरबूस्ट आणि टोयोटा टुंड्रा आय-फोर्स मॅक्स असे हायब्रिड पिकअप आले असून, तिकडे स्थायिक झालेल्या आपल्यांपैकी काहींच्या दारातही ते असतील. आकार वेगळा असला तरी शरीररचना तीच, आणि निदानाची रीतही तीच.

शरीररचना

हायब्रिड वाहनात दोन स्वतंत्र विद्युतसंस्था असतात. एक नेहमीची १२ व्होल्टची. दिवे, संगणक व रिले तिच्यावर चालतात. दुसरी उच्चदाबाची. २०१० मध्ये भारतात आलेल्या प्रायसमध्ये मुख्य बॅटरी २०१.६ व्होल्टची होती आणि मोटारीला पुरवताना तो दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवला जाई. टुंड्रा पिकअपची बॅटरी २८८ व्होल्टची आहे. बॅटरी, इन्व्हर्टर, मोटार-जनित्रे आणि वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर हे या संस्थेचे अवयव, आणि नारिंगी आवरणाच्या केबली या तिच्या रक्तवाहिन्या.

या संस्थेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. घरच्या विजेप्रमाणे तिचे एक टोक जमिनीला अथवा गाडीच्या सांगाड्याला जोडलेले नसते. दोन्ही टोके सांगाड्यापासून पूर्णपणे अलग असतात. त्यामुळे एका ठिकाणी इन्सुलेशन फाटले तरी लगेच धक्का बसत नाही. मात्र दुसऱ्या टोकाशी दुसरा दोष निर्माण झाला, किंवा कारागिराचा हात तेथे पोचला, की मंडल पूर्ण होते. पहिला दोष मूक असतो, अगदी लक्षणांविना वाढणाऱ्या रक्तदाबासारखा. म्हणूनच संगणक या गळतीवर सतत पाळत ठेवतो.

विद्युत वाहनांच्या सुरक्षेविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १०० क्रमांकाच्या नियमावलीत प्रत्येक व्होल्टमागे किमान रोध डीसी मंडलासाठी १०० ओहम आणि एसी मंडलासाठी ५०० ओहम असा सांगितला आहे. गणित केले तर गळतीची कमाल मर्यादा अनुक्रमे १० आणि २ मिलीअँपिअर येते. हातात धरलेली तार सोडता न येण्याची अवस्था सुमारे १० मिलीअँपिअर एसी प्रवाहापासून सुरू होते, हे ज्यांना शरीरक्रियाशास्त्रात शिकल्याचे स्मरत असेल, त्यांना या आकड्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको.

गळतीचा शोध

‘पी०एए६’ हा संकेतांक या इन्सुलेशनच्या गळतीचा. तो गळती आहे एवढेच सांगतो. कोठे आहे, हे सांगत नाही. जुन्या प्रायसमध्ये त्यासोबत उपसंकेतांक मिळत असे : ६११ म्हणजे वातानुकूलनाचा भाग, ६१२ म्हणजे बॅटरी, ६१३ म्हणजे मोटार व गिअरचा भाग, ६१४ म्हणजे उच्चदाबाचे डीसी मंडल. ही विभागणी कशी होते, हे पाहिले म्हणजे तिच्यातील तर्क आपल्या ओळखीचाच वाटतो. मुख्य रिले जोडले जाण्यापूर्वीच गळती दिसली तर दोष बॅटरीकडे. रिले जोडल्यावर दिसली तर केबली व इन्व्हर्टरकडे. मोटारीला वीज मिळताच दिसली तर मोटारीकडे. आणि वातानुकूलन सुरू करताच दिसली तर कॉम्प्रेसरकडे. एकेक अवयव क्रमाने कामाला लावून वेदना कधी उमटते हे पाहावयाचे. त्यानंतर संशयित भाग सोडवून मेगरने त्याचा रोध मोजावयाचा, म्हणजे निदान पक्के होते.

यातील कॉम्प्रेसरची कथा विशेष बोधप्रद आहे. हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि त्याची वेटोळी शीतकवायू व तेलाच्या सान्निध्यातच असतात. म्हणून त्यात एनडी-११ सारखे विद्युतरोधक एस्टर तेलच चालते. साध्या गाड्यांतील पीएजी तेल त्यात गेले की इन्सुलेशन खालावते व गळतीचा संकेतांक उमटतो. बॅटरी निर्दोष असते. चूक झालेली असते ती उन्हाळ्यापूर्वी ‘गॅस भरून’ घेताना. न जुळणाऱ्या गटाचे रक्त चढवण्याचाच हा प्रकार.

बॅटरीचा मृत्युदाखला

‘पी०ए८०’ या संकेतांकाचे अधिकृत वर्णनच मुळी ‘हायब्रिड बॅटरी बदला’ असे आहे, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. वर सांगितलेल्या प्रायसच्या बॅटरीत २८ मॉड्यूल असून त्यांचे दोन-दोनचे १४ गट पडतात. गटागटांच्या दाबात ठराविकाहून जास्त तफावत आढळली की हा संकेतांक येतो. ही तफावत खरोखर जीर्ण मॉड्यूलमुळे असू शकते. तशीच ती तांब्याच्या जोडपट्ट्यांवर चढलेल्या हिरव्या गंजामुळेही भासू शकते. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची, मागील आसनाजवळची जाळी धुळीने चोंदली असेल तर बॅटरी तापून अकाली जीर्ण होते; तेव्हा ती स्वच्छ न करता नवी बॅटरी बसवली तर तिचीही तीच गत होणार.

म्हणून केवळ संकेतांक पुरेसा नाही. दोष उद्भवला त्या क्षणीची नोंद संगणकात गोठवून ठेवलेली असते. त्या वेळी तापमान किती होते, प्रवाह किती होता, बॅटरीत भार किती होता, हे तीतून कळते. हीच रुग्णाची पूर्वपीठिका. ती वाचण्यापूर्वी संकेतांक पुसून टाकणे म्हणजे केसपेपर फाडून टाकणे होय. शिवाय बारा व्होल्टची साधी बॅटरी अशक्त झाली तरी संगणक गोंधळतात आणि एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेले अनेक संकेतांक दाखवतात. तेव्हा तपासणीचा पहिला क्रमांक त्या साध्या बॅटरीचा.

कारागिराचा जीव

उच्चदाबाच्या भागाला हात लावण्यापूर्वी गाडी बंद करून चावी दूर ठेवणे, १२ व्होल्टचे ऋण टोक काढणे, हवा कोंडून छिद्रे तपासलेले १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालणे, सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवणे, इन्व्हर्टरमधील कपॅसिटर रिकामा होईपर्यंत थांबणे (टोयोटाच्या पुस्तिकांत यासाठी १० मिनिटे सांगितली आहेत) आणि मीटरने शून्य दाब पाहणे, हा क्रम मोडता येत नाही. प्लग काढल्यावरही बॅटरीच्या पोटातील वीज जिवंतच असते. ज्या कार्यशाळेत असे हातमोजे व मीटर नाहीत, तेथे ‘जरा बघून घ्या’ असा आग्रह धरणे हे एखाद्या तरुणाचा जीव पणाला लावण्यासारखे आहे.

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर अपघात पाहून गाडी थांबवणारे डॉक्टर आपल्यात अनेक आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द. हायब्रिड गाडी निःशब्द असली तरी चालू असू शकते. चाकांना आधार द्यावा, गिअर ‘पी’वर न्यावा, बटणाने गाडी बंद करून चावी लांब न्यावी आणि नारिंगी केबलीला हात लावू नये. पुरात बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहू नये. ती ओढूनच न्यावी. विजेचा धक्का बसलेला रुग्ण आल्यास त्वचेवरची जखम लहान दिसली तरी हृदयालेख आणि लघवीचा रंग पाहिल्यावाचून त्यास घरी धाडू नये, हे येथे केवळ उजळणी म्हणून.

सूज्ञ मालकाने काय विचारावे

संकेतांक कोणता व उपसंकेतांक कोणता? गोठवलेली नोंद छापून मिळेल काय? साधी बॅटरी तपासली काय? इन्सुलेशनचा रोध मेगरवर किती आला? गटागटांतील तफावत भाराखाली किती होती? एवढे पाच प्रश्न पुरेत. टोयोटाने भारतातील आपल्या हायब्रिड बॅटरीस ८ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर हमी दिली आहे, हेही स्मरणात असावे. ज्या कारागिराजवळ या प्रश्नांची उत्तरे असतील त्याचे शुल्क आनंदाने द्यावे, कारण तो सुटे भाग विकत नसून निदान करीत आहे. आणि निदानाचे मोल आपल्याखेरीज अधिक कोणास ठाऊक असणार?