नावेत बसलेली दाढी

इंदूरच्या पलासियात छप्पन दुकानच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी घर ओळखायची एक खूण म्हणजे गॅलरीतली गवती चहाची कुंडी. भाजीवाला याला ‘हरी चाय’ म्हणतो, घरात मात्र तो गवती चहाच. पात नुसती हुंगली तर फारसं काही हाती लागत नाही. चुरगळली की लिंबाचा भपकारा सुटतो, कारण तेल पानाच्या आत सुट्या सुट्या पेशींत कोंडलेलं असतं. पेशी फुटली की वास मोकळा. कडेच्या बारीक करवतीने बोट चिरतं, ते वेगळंच.

या गवताच्या कुळीचं शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन. स्प्रेंगेल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1815 मध्ये ते दिलं. ग्रीकमध्ये ‘किंबे’ म्हणजे नाव, होडी. ‘पोगॉन’ म्हणजे दाढी. फुलोऱ्यातल्या मंजिऱ्या जोडीजोडीने एका होडीसारख्या छोट्या पानात बसतात आणि त्यांतून केस, कुसळं बाहेर डोकावतात. मंजिरीवरची कणिशकंही जोडीनेच असतात. त्यांतलं बिनदेठाचं बी धरतं, देठाचं नर किंवा वांझ. पन्नासहून अधिक जाती आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांत पसरल्या आहेत. सिट्रोनेला याच घरातली. वाळा नव्हे, त्याचा सुगंध मुळांत असतो आणि त्याची कुळीही निराळी.

इंदूरच्या माणसाला या घरातला सर्वांत नामांकित सदस्य दूर शोधायला नको. सिमरोलचा घाट उतरला की निमाड. निमाड आणि खानदेश हा रोशा गवताचा जुना मुलूख. मराठीत त्याला रोहिश आणि तिखाडीही म्हणतात. पाऊस सरता सरता ते फुलावर आलं की कापायचं, ओढ्याकाठी भट्टी लावायची, भांड्यात पाणी आणि गवत उकळून वाफ बांबूच्या नळीतून ओढ्यात ठेवलेल्या भांड्यात न्यायची. थंड झालं की पाण्यावर तेल तरंगतं. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईच्या बंदरातून तुर्कस्तानपर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात गुपचूप मिसळलं जाई. भेसळ खपे, कारण रोशाच्या तेलात तीन-चतुर्थांशाहून अधिक असतं ते जिरॅनिऑल, आणि गुलाबातही तेच दरवळतं.

पण खरी गंमत पुढे आहे. रोशाचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखेच; मोतिया कोरड्या, उघड्या उतारावर रमतो, सोफियाला ओलसर सखल जागा लागते. गुलाबाचा वास मोतियाचा. सोफियाचं तेल उग्र आणि स्वस्त. होडी आणि दाढी पाहून जात ठरवणाऱ्या शास्त्राला इथे नाकाचीच मदत घ्यावी लागते.

रोशाच्या शास्त्रीय नावातलं ‘मार्टिनी’ हे लखनौच्या ला मार्टिनियर शाळेच्या क्लॉद मार्टिनवरून आलं. टिपूविरुद्धच्या मोहिमेत या फ्रेंच सेनानीच्या लक्षात आलं, की गुरं हे गवत आवडीने खातात आणि त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येतो. त्याने बी गोळा करून आणलं, आणि रॉक्सबर्गने पुढे गवताला त्याचं नाव दिलं.

कुंडीतल्या गवती चहात ती होडी शोधायला जाऊ नये. लागवडीतला गवती चहा क्वचितच फुलतो, फुटवे लावूनच वाढतो. होडी पाहायचीच असेल तर दसऱ्याच्या सुमारास निमाडातल्या एखाद्या कोरड्या उतारावर रोशाचा तांबूस तुरा हातात धरावा लागेल.