सेल्फ मारण्यापूर्वी हाताने दोन फेरे

१४ ऑगस्ट २०२० रोजी जयपूरमध्ये झालेल्या मुसळधार पावसाने सखल वस्त्यांतील मोटारी पाण्यात बुडाल्या; काही ठिकाणी त्या वाळूमिश्रित गाळात गाडल्या गेल्या. आमच्या गल्लीतही दोन मोटारी बॉनेटपर्यंत पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरताच शेजाऱ्यांनी आपल्या मोटारीला सेल्फ मारला. दोन-तीन प्रयत्नांनंतर इंजिन क्षणभर चालू झाले, आतून जोराचा ठोका ऐकू आला आणि ते बंद पडले. कनेक्टिंग रॉड वाकला होता. दुसरी मोटार आमची, जुनी मारुती ८००. तिच्या इंजिनात पाणी होतेच. पण ते आम्ही सेल्फ मारण्याआधी हाताने शोधले, म्हणून ती वाचली.

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रसंग परका वाटू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण येथे पुराने असंख्य वाहने व यंत्रे पाण्याखाली नेली. अशा वेळी पहिल्या काही मिनिटांतील घाई पुरापेक्षा महाग पडू शकते.

पाणी दबत नाही

इंजिनातील पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दबते, पाणी जवळजवळ दबतच नाही. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांची एकूण क्षमता ७९६ घनसेंटिमीटर, म्हणजे प्रत्येकी सुमारे २६५. पिस्टन सर्वांत वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम तीस-पस्तीस मिलीलिटर जागा उरते. त्याहून अधिक पाणी आत असेल, तर पिस्टन मध्येच अडतो. स्टार्टर मोटर व शेजारचा पेटलेला सिलिंडर मात्र त्याला रेटतच राहतात आणि रॉड वाकतो. हाताचा जोर मर्यादित असतो व अडथळा जाणवताच तो थांबतो. म्हणून हाताने फिरवणे सुरक्षित ठरते.

फिरवण्याची रीत

मोटार सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, चाकांना अटकाव द्यावा व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. बॅटरीची ऋण तार काढावी. हात पुलीजवळ असताना इंजिन चुकूनही चालू होता कामा नये. नंतर एअर फिल्टर उघडावा. तो ओला असल्यास पाणी आत गेले असे धरून चालावे. डिपस्टिकवरील तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. तेल व फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

यानंतर सर्व स्पार्क प्लग काढावेत. क्रँकशाफ्टच्या पुलीच्या मधल्या बोल्टला लांब दांड्याचा सॉकेट पाना लावून, इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने सावकाश फिरवावे. दिशा वाहनाच्या पुस्तिकेत पाहावी. उलट फिरवल्यास बोल्ट सैल होण्याचा व टायमिंग बेल्ट सरकण्याचा धोका असतो. चार-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते, म्हणून पूर्ण दोन फेरे आवश्यक आहेत. प्लगच्या छिद्रांतून पाणी उसळू शकते. चेहरा दूर ठेवावा. प्लग काढूनही इंजिन एखाद्या जागी ठामपणे अडत असेल, तर जोर लावू नये, यांत्रिकास बोलवावे. आमच्या मोटारीच्या एका सिलिंडरातून पाणी निघाले. सिलिंडर कोरडे करून, आत थोडे तेल सोडून पुन्हा दोन फेरे दिले. तेल व फिल्टर बदलले आणि दोन दिवसांनी इंजिन चालू केले.

उभ्या यंत्रातील बिऱ्हाडे

त्या दिवशी एअर फिल्टरच्या हवा घेणाऱ्या नळीत मातीची घरटीही सापडली. टाळेबंदीमुळे मोटार बराच काळ उभी होती आणि कुंभारीण माशीने ती जागा हेरली होती. ही माशी चिखलाच्या कोठड्या बांधते, प्रत्येकीत डंखाने लुळे केलेले कोळी साठवते, एक अंडे घालते व तोंड लिंपून टाकते. अरुंद, कोरड्या, न हलणाऱ्या नळ्या तिला सोयीच्या असतात. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ समुद्रात कोसळलेल्या विमानात १८९ जणांचा मृत्यू झाला. ते विमान काही आठवडे उभे होते आणि त्याची वेग मोजणारी नळी अशाच माशीच्या घरट्याने बुजली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. हंगामभर उभे राहिलेले इंजिन, फवारणी पंप किंवा ट्रॅक्टर बाहेर काढताना हवेची व धुराची तोंडे आधी तपासावीत. उंदरांनी कुरतडलेल्या तारांकडेही लक्ष द्यावे.

शेतावरील डिझेल इंजिन

हँडलने चालू होणारे एक-सिलिंडर डिझेल पंप बाळगणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती ही तपासणी मुळातच आहे. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल सावकाश दोनदा फिरवावे. अडथळा नाही याची खात्री झाल्यावरच वेग द्यावा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिल्यास हँडल हातातून सुटून जाते. मुठीत अडकलेला अंगठा किंवा मनगट मात्र मोडू शकते. पुरात बुडालेल्या अनेक सिलिंडरांच्या डिझेल इंजिनांत इंजेक्टर काढावे लागतात; ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

जयपूरच्या दुर्गापुरा येथील राजस्थान कृषी संशोधन संस्थेत हुमणीवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे. या परिसरातील भुईमुगाचे रोप सुकू लागले की आम्ही आधी ते उपटून मुळे व भोवतीची माती पाहतो. कारण तेच लक्षण बुरशीमुळेही दिसते आणि चुकीचे औषध केवळ खर्च वाढवते. बंद इंजिनालाही हाच नियम लागू आहे. हाताने फिरवलेले दोन फेरे फुकट असतात. वाकलेला रॉड मात्र संपूर्ण इंजिनाची दुरुस्ती मागतो. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आपल्या मोटारीच्या पुलीला लागणारा सॉकेट पाना घरात आहे का, एवढे तरी पाहून ठेवावे.